तणावे

जानापावच्या उतारावर, मे महिन्यात, दुपारी साडेचारला
टिल्लूबाई बोट जिभेवर ओलं करून वर धरत.
आम्ही अकरा मुली. तीन राहुट्या,
महूच्या जुन्या बाजारात किलोवर घेतलेल्या,
कुणा पलटणीचा नंबर अजून अर्धा वाचता येई त्यांच्यावर.
"निमाडातून वर चढतोय," बाई म्हणत,
"त्याला दार दाखवायचं नाही. पाठ द्या."

पाठ दिली.
ठेंगणी बाजू वाऱ्याकडे,
मेख तिरपी, तिची मान तंबूपासून दूर झुकलेली,
रुसलेल्या पोरीसारखी,
आणि चिमणी फणसे लगेच तशी मान करून दाखवी.

पण मालव्याची काळी माती उन्हाळ्यात मेख धरत नाही.
भेगेत नाणं पडावं तशी ती आत जाते,
निघतेही तशीच.
म्हणून बारदानात धोंडे भरायचे,
पोटाला दोर आवळून पोतं हातभर खोल पुरायचं
आणि वर सगळ्यांनी नाचायचं.
"आता कुठला वारा ही कबर उकरतो, बघते मी!"
शाहीन नाचता नाचता थांबली.
तिचे अब्बा मार्चमध्ये गेले होते.
बाईंनी जीभ चावली
आणि पुढचा अर्धा तास सगळ्या गाठी
स्वतःच पुन्हा तपासत बसल्या.

अंधारात तो आला.
आधी सेवेचा डबा गेला, खडखडत, दरीत.
मग एक राहुटी उठली,
कुणीतरी हाक मारल्यासारखी, सरळ उभी राहून.
मग दुसरी.
तिसरीच्या तणाव्यांना आम्ही लोंबकळलो होतो,
एकेका दोराला दोन-दोन, तीन-तीन,
तळहात सोलत होते, बाई ओरडत होत्या, "सोडू नका!"
आणि शाहीन आत गेली.
कुणाला न विचारता
मधला खांब तिनं खांद्यानं रेटला, पाडला.

राहुटी जमिनीवर निजली.
आम्ही तिच्याखाली सरपटलो, बाईसुद्धा,
बारा नाकांना भिडलेलं ओलसर वासाचं कापड,
आणि वरून वारा नुसता जात राहिला, जात राहिला,
त्याला धरायला काहीच सापडेना.

सकाळी एक राहुटी पळसावर मिळाली.
दुसरी मिळालीच नाही.
बाईंनी वही काढली, सहा नियमांखाली सातवा लिहिला,
आणि पेन्सिल शाहीनच्या हातात दिली,
सही कर म्हणाल्या.

*

परवा चोरलच्या काठावर ओजसनं तंबू लावला.
भगवा, घुमटासारखा, दोन मिनिटांत उभा.
"मावशी, याला वादळाचं काही होत नाही. लिहिलंय वर."
तणावे पिशवीतच होते, कागदी पट्टीसकट, कोरे.

मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले.
आधी बोट ओलं केलं. तो हसला.
मग एकेक खुंटी ठोकली, हलवली, पुन्हा ठोकली,
खुंटा हलवून बळकट करतात
हे त्यानं फक्त परीक्षेच्या पेपरात वाचलेलं.
दोर बोटानं छेडला:
फार वर वाजला तर तुटेल,
वाजलाच नाही तर तो नाहीच.
"चार बोटं ढील ठेव," म्हटलं,
"ताण सगळ्यांत वाटला गेला पाहिजे,
एकाच खुंटीनं घरचं सगळं ओढायचं नसतं."
हे वाक्य कुठून आलं मला कळलं नाही.
त्याची आई इंदुरात एकटीच असते.
तो पाण्याकडे बघत राहिला.

"आणि एवढं करूनही उठला तर?"
"तर पाड."
"मीच?"
"मग काय, वाऱ्याची वाट बघणार?"

पलीकडच्या टेकडीवर झाडं एका बाजूला कलू लागली होती.
मी आत वाकून
खांबाची कडी त्याच्या उजव्या हाताशी वळवली,
अंधारात चाचपली तर पहिल्यांदा
तीच लागावी.